बार्शी तालुक्यात सोयाबीन शिल्लक किती? एवढंच विचारलं होतं

प्रति,
पणन, सहकार, कृषी व पुरवठा खात्यांचे राज्यातले आणि सोलापूर जिल्ह्यातले अधिकारी,
तसेच जिल्ह्याचे सर्व लोकप्रतिनिधी

विषय: सोयाबीनचा शिल्लक साठा दरमहा जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातल्या वैराग भागातला शेतकरी. रान साडेसात एकर. त्यातलं पाच एकर पावसाळ्यात सोयाबीनला जातं, बाकीच्यात तूर आणि थोडा उडीद. रब्बीला ज्वारी, विहिरीला पाणी असलं तर हरभरा. माझ्या वडिलांच्या उमेदीच्या काळात सोयाबीन आमच्या शिवारात नव्हतं. ते लातूरकडून सरकत सरकत आलं आणि बघता बघता उडीद-मुगाच्या जागेवर बसलं. आता पोराच्या कॉलेजची फी, सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं, दिवाळीचा बाजार, सगळं या एका पिकावर चालतं.

पत्र लिहायला कारण घडलं ते असं. श्रावणात मी जिल्ह्यातल्या एका कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला. मागणी एकच होती: गेल्या पाच वर्षांत दर १ ऑक्टोबरला, म्हणजे नवा माल यायच्या तोंडावर, जिल्ह्यातल्या गोदामांत, तेल काढणाऱ्या प्लांटमध्ये आणि सरकारी खरेदीच्या थप्प्यांत मिळून जुनं सोयाबीन किती शिल्लक होतं ते सांगावं. महिन्याभरानं कळलं की हा विषय त्या कार्यालयाचा नाही, दुसऱ्याचा आहे. दुसरीकडे गेलो. तिथं टेबलावरच्या पोरानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, ‘मामा, असलं काही आम्ही गोळा करत नाही. आणि तुम्हाला काय करायचाय साठा? भाव काय तुम्ही ठरवताय का?’

पोरगा वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्जावर पोचही दिली. पण सोलापूरहून वैरागला येईपर्यंत एसटीत त्याचं ते वाक्य माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं. भाव मी ठरवत नाही हे खरंच आहे. पण माल कधी विकायचा एवढं तरी मी ठरवतो, आणि ते मी आंधळेपणानं ठरवतो. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड.

आमच्या घरात एक वही आहे. घट बसायच्या आदल्या दिवशी माडी झाडून घ्यायची, जुना माल मोजायचा आणि वहीत लिहायचा, ही आमच्या अण्णांची सवय. त्यांच्या वेळी माल म्हणजे ज्वारी, आणि ती पेवात असायची. गावाच्या पांढरीत दीड-दोन पुरुष खोल खड्डा, आत कडब्याचा थर, तोंडावर दगड आणि वरून माती. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर वारं खेळेपर्यंत थांबायचं. ही ज्वारी जमिनीखाली असली तरी गावाला दिसत होती. कुणाचं पेव भरलं, कुणाचं उघडलं, कुणाचं नुसतंच झाकलेलं आहे, हे सालगड्यापासून सावकारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्वारी महाग होणार की स्वस्त, याचा अंदाज चावडीवर बसलेल्या माणसालाही यायचा. आज माल जमिनीच्या वर आहे, पत्र्याच्या उंच गोदामांत आहे, त्याला कॅमेरे आहेत, काँप्युटरवर नोंद आहे. आणि गावाला काही दिसत नाही.

त्या वहीतली शेवटची सहा पानं तुमच्यापुढं ठेवतो. माझा एक कट्टा, म्हणजे पोतं, साठ किलोचा.

घटस्थापना २०२०: शिल्लक शून्य. त्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबरच्या पावसानं जिल्ह्याची दैना केली होती हे तुम्हाला आठवत असेल. माझी बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंज, ताडपत्रीखाली होती तरी खालून भिजली. २८ क्विंटल निघालं, दाण्यावर काळे डाग. हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता, माझ्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, ३,६०० पडला. दिवाळीच्या आत सगळा माल घातला, कारण ओला माल घरात ठेवून त्याला बुरशी येताना कोण बघणार?

घटस्थापना २०२१: पुन्हा शून्य. आणि मधल्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. मी तो भाव मोबाइलवर बघितला. माझ्याच नाही, आमच्या वस्तीवर कुणाच्याच घरात दाणा नव्हता. जो होता तो जूनमध्ये पेरून झाला होता.

आता यात मला जी गोष्ट पुढं कळली ती सांगतो. माझा पुतण्या पुण्याला नोकरीत आहे, त्यानं दाखवलं. अमेरिकेचं कृषी खातं वर्षातून चार वेळा, म्हणजे १ डिसेंबर, १ मार्च, १ जून आणि १ सप्टेंबरला असलेला सोयाबीनचा साठा मोजतं आणि जगाला सांगतं. नुसता देशाचा नाही. आयोवा राज्यात किती, इलिनॉयमध्ये किती, त्यातलं शेतकऱ्यांच्या घरी किती आणि गोदामं-कारखान्यांत किती, असं फोड करून. २०१९ च्या १ सप्टेंबरला त्यांच्याकडे ९० कोटी बुशेलच्या वर जुनं सोयाबीन होतं. (बुशेल म्हणजे साधारण २७ किलो.) २०२० ला ते ५२ कोटींच्या आसपास आलं, २०२१ ला २६ कोटींच्या खाली. दोन वर्षांत ढिगाचा तळ दिसायला लागला. यातला २०२० चा आकडा जाहीर झाला ३० सप्टेंबरला. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी वैरागमध्ये भिजलेली बनीम उपसत होतो आणि मिळेल त्या भावात द्यायला तयार होतो. आयोवातल्या शेतकऱ्याला माहीत होतं की जगातला माल आटत चालला आहे. माझा माल घेणाऱ्या प्लांटलाही माहीत असणार. माहीत नव्हतं ते मला.

आणि आपल्या देशातलं? इंदूरची सोयाबीन प्रोसेसर्सची संघटना, सोपा, दरवर्षी शिल्लक साठ्याचा अंदाज काढते. त्यांच्या हिशोबानं २०२१-२२ चा हंगाम सुरू होताना देशात दोन लाख टनांपेक्षाही कमी सोयाबीन उरलं होतं. पुढच्या वर्षी तोच आकडा २५ लाख टनांवर गेला. २०२३ मध्ये २४ लाख. २०२४ मध्ये ९ लाखांच्या आसपास. यंदा, २०२५ ला, पाच लाखांच्या आत. दोन, पंचवीस, चोवीस, नऊ, पाच. असा उड्या मारणारा साठा ज्या मालाचा आहे, तो पिकवणाऱ्यानं काय अंदाज बांधायचा?

वही पुढं सांगतो. २०२१ ला ३६ क्विंटल झालं, म्हणजे साठ कट्टे. दहा हजार डोळ्यांनी बघितलेले होते, त्यामुळं निम्मा माल माडीवर चढवला. एप्रिल २०२२ मध्ये भाव सात हजारांच्या पुढं होता तेव्हा मी विकला नाही. हा माझा लोभ, त्याचा दोष तुमच्यावर घालत नाही. पण लोभ एकट्याचा नव्हता. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या ओसरीवर थप्पी होती. घटस्थापना २०२२ ला माझ्याकडे ३१ कट्टे शिल्लक, भाव पाच हजार. २०२३ ला जुन्या-नव्याचे मिळून ४० कट्टे. माझ्या माडीचा चढ आणि देशाच्या साठ्याचा चढ सारखाच दिसतोय ना? कारण ते पंचवीस लाख टन बरेचसे आमच्यासारख्यांच्या घरातच होते. ‘गड्ड्यापर्यंत दम धर, भाव येतोय’ असं एकमेकांना सांगत आम्ही ते धरून बसलो होतो. सोलापुरातली सिद्धेश्वरांची संक्रांतीची जत्रा, म्हणजे हा गड्डा, आली, गेली. मग म्हणायचं, पाडव्यापर्यंत बघू. शेजारच्या गावातही लोक हेच म्हणत आहेत, आणि मध्य प्रदेशातही हेच चाललं आहे, हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तरी एप्रिलमध्ये दहा कट्टे कमी केले असते.

साठ किलोचा कट्टा दोन वर्षांनी काट्यावर टाकला तेव्हा अठ्ठावन्न किलो भरला. वरून उंदरांनी तळाची चार पोती फोडली होती. बायको त्या थप्पीला ‘तुमची एफडी’ म्हणायची.

२०२३ चं काय सांगावं. ऑगस्ट कोरडा गेला, वर पिवळा मोझॅक रोग. आपला बार्शी तालुका दुष्काळ जाहीर झालेल्या चाळीस तालुक्यांत होता. पाच एकरांत सोळा क्विंटल. सगळे म्हणाले, पीक नाही म्हणजे भाव चढणार. नाही चढला. हमीभाव ४,६००, आणि मी वर्षभरात बहुतेक माल त्याच्या खालीच घातला. आता कळतं की मागचा २४ लाख टनांचा ढीग अंगावर होता. त्या वर्षी माझ्या रानातल्या दुष्काळापेक्षा दुसऱ्यांच्या गोदामातला सुकाळ भावाला भारी पडला.

इथं एक गोष्ट कबूल करतो. भाव एकट्या साठ्यावर ठरत नाही. खाद्यतेलाच्या आयातीवर सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढवलं, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं निम्मं केलं, तेही भावात उतरतं. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी पेंड, त्यामुळं पेंडीला उठाव नसला की तेलाच्या भावानं एकट्यानं काही होत नाही. आणि इथेनॉलसाठी मका वापरायला लागल्यापासून त्याचा जो चोथा निघतो, डीडीजीएस म्हणतात तो, कोंबडीच्या खाद्यात सोयापेंडीची जागा खातोय. इथेनॉलचे कारखाने आपल्या जिल्ह्यात थोडे नाहीत. (ऊसवाल्यांशी माझं भांडण नाही, माझ्या सासऱ्यांचा ऊसच आहे.) पण या सगळ्या गोष्टी पेपरात येतात, कुणालाही वाचता येतात. न दिसणारी गोष्ट एकच उरते: आत्ता, या महिन्यात, माल कुणाकडे किती आहे.

२०२४ मध्ये ढीग ९ लाखांवर उतरला होता. माझ्याकडेही नऊच कट्टे राहिले होते, हा आपला योगायोग. नवं पीक चांगलं, ३८ क्विंटल. हमीभाव ४,८९२ आणि बाजार चार-सव्वाचार हजार. म्हणून सरकारी खरेदीला नाव नोंदवलं. त्या हंगामात राज्यात ११ लाख टनांच्या वर सोयाबीन हमीभावानं खरेदी झालं आणि ते मोठं काम होतं, हे मी मोकळ्या मनानं म्हणतो. पण ते माझ्यापर्यंत कसं पोचलं तेही ऐका.

मेसेज आला डिसेंबरच्या एका मंगळवारी, बुधवारी माल आणा म्हणून. टेंपो ठरवून पहाटे खरेदी केंद्रावर पोचलो तर पुढं एकोणतीस वाहनं. नंबर लागला तिसऱ्या दिवशी. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढले, ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकले: १२.९ टक्के. ‘बाराच्या वर घेत नाही.’ मी म्हणालो, साहेब, गेल्या महिन्यात केंद्र सरकारनं मर्यादा पंधरा केली, पेपरात आलंय. ‘आमच्याकडे लेखी नाही.’ मग दुसऱ्या पोत्यातली मूठ टाकली: १२.१. तिसऱ्यातली: १३.३. एकाच खळ्यावर, एकाच दिवशी वाळवलेला माल. केंद्राच्या अंगणातच ताडपत्री पसरून दिवसभर उन्हात पाय घालून दाणा हलवत बसलो. संध्याकाळी ११.८ भरलं, तर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला. दोन रात्री टेंपोत पोत्यांवर झोपलो, तिथं ओळख झालेल्या एका म्हाताऱ्यानं तोवर कंटाळून माल उचलला आणि बाजारात ४,०५० नं घालून टाकला. टेंपोवाल्याचं भाडं रोज चढतंय म्हटल्यावर तो तरी काय करणार? माझे तीस क्विंटल शेवटी घेतले. पैसे आले संक्रांत होऊन गेल्यावर.

केंद्राचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसंही रात्रंदिवस राबत होती, बारदाना त्यांनी थोडाच लपवला होता. मला विचारायचं आहे ते पुढचं. ते ११ लाख टन कुठं ठेवलं, त्यातलं आपल्या जिल्ह्यात किती, आणि ते कधी, कुणाला, काय भावानं विकलं? सरकारनं घेतलेला माल सरकार कधीतरी विकणारच, ठेवून कुजवा असं मी म्हणत नाही. पण गोदामात सरकारी सोयाबीन आहे एवढ्या बातमीनंच व्यापारी हात आखडता घेतो. ‘सरकारचा माल यायचाय बाजारात’ हे वाक्य यंदाच्या उन्हाळ्यात मी आडतीवर किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. खरं होतं की भीती घालायला होतं, हे तपासायला माझ्याकडे काही साधन नाही.

यंदाचं, २०२५ चं, पान छोटं आहे. घट बसले २२ सप्टेंबरला, तेव्हा सीनाकाठच्या गावांत पाणी शिरत होतं. आमच्या रानात नदी आली नाही पण पाणी गुडघाभर थांबलं. २१ क्विंटल. जुने चार कट्टे धरून ३९. त्यातले बारा मळणीचा खर्च, मजुरी आणि दिवाळीला गेले. २०२५ चा हमीभाव ५,३२८ ठरला, मला मिळालेला लिहिण्यासारखा नाही.

आता तक्रारी थोडक्यात मांडतो, कारण बहुतेक वर येऊन गेल्या.

पहिली, आणि बाकीच्या तिच्यातूनच निघतात: आमचा साठा सगळ्यांना दिसतो, दुसऱ्यांचा आम्हाला दिसत नाही. गावात कुणाच्या घरी किती थप्पी आहे याची माहिती खेडा खरेदीवाला फिरून आठ दिवसांत गोळा करतो. प्लांटचा दर रोज सकाळी व्हॉट्सअपवर येतो, लातूर, नांदेड, सोलापूर, सगळीकडचा. प्लांटकडे किती दिवसांचा माल पडून आहे ते मात्र येत नाही.

दुसरी: निर्णय आमचा हंगाम बघून घेतले जात नाहीत, घेतले तरी सांगितले जात नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पोल्ट्रीवाल्यांची अडचण खरी होती, मी समजू शकतो. पण शेंगा भरत असताना हा निर्णय आला आणि आमची रास पडेपर्यंत भाव निम्म्यावर आला. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, बंद केले, एका वर्षासाठी म्हणून. ती बंदी वाढवत वाढवत २०२५ मध्येही कायम राहिली. वायद्यात सट्टा चालतो असं म्हणतात, चालत असेल. पण चार महिन्यांनी काय भाव निघू शकतो याची जी एक उघडी खूण होती ती गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही दिलं नाही.

तिसरी: पीक किती, यावरच एकमत नाही. २०२४-२५ चं देशाचं उत्पादन केंद्राच्या अंदाजात १५० लाख टनांच्या वर होतं, सोपाच्या अंदाजात १२६ लाखांच्या आसपास. म्हणजे दोन अंदाजांतला फरकच एखाद्या वर्षाच्या सगळ्या शिल्लक साठ्याएवढा. माझ्या वहीत एवढी चूक निघाली असती तर अण्णांनी वही माझ्या टाळक्यात घातली असती.

मागण्या अशा आहेत.

जिल्ह्यातला सोयाबीनचा साठा दर महिन्याच्या पाच तारखेला तालुकावार जाहीर करा. वखार महामंडळाची गोदामं, नोंदणीकृत खाजगी गोदामं, बाजार समित्या, प्लांट आणि सरकारी खरेदीचा माल, अशा पाच रकान्यांत. कुणा व्यापाऱ्याचं नाव नको, कुणाची गुपितं नकोत, नुसती बेरीज पुरे. वेबसाइटवर टाका, पण बाजार समितीच्या फळ्यावर खडूनंही लिहा, कारण आडतीवर आलेला माणूस फळा बघतो. सोबत मागच्या वर्षीचा त्याच तारखेचा आकडा हवा, नाहीतर एकट्या आकड्यातून मला काही समजायचं नाही. हे जमणार नाही असं म्हणू नका. गव्हाचा साठा व्यापाऱ्यांना दर शुक्रवारी पोर्टलवर भरायला लावलात. २०२२ मध्ये तेलबियांवर साठा मर्यादा होती, घाऊक व्यापाऱ्याला दोन हजार क्विंटल, तेव्हा तेलबियांची नोंद करता येत होती. भाव चढला की मोजायचं आणि पडला की मोजणी बंद, असं का?

शेतकऱ्यांच्या घरातला साठा मोजायचा असेल तर तोही मोजा. माझी हरकत नाही. अमेरिकेत मोजतात तसा, दोन्हीकडचा एकदम.

सरकारनं खरेदी केलेलं सोयाबीन कधी आणि किती विकणार याचं वेळापत्रक पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर करा. १५ सप्टेंबर ते ३१ जानेवारी या काळात ते बाजारात आणू नका. हे केंद्राच्या हातात असेल तर राज्यानं तसं लेखी कळवावं आणि ते पत्र आम्हाला दाखवावं.

खरेदी केंद्र दसऱ्याला उघडायला हवं. बारदाना आधी मोजून ठेवा, नोंदणी किती झाली ते तुम्हाला महिनाभर आधी कळतं, मग पोती किती लागतील हा चौथीतला हिशोब आहे. ओलाव्याची मर्यादा काय आहे ते लेखी केंद्राच्या दारावर लावा, आणि मशीन तपासल्याची तारीखही.

शेतमाल तारण योजना कागदावर फार चांगली आहे. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, १८० दिवस. मी गेल्या वर्षी चौकशीला गेलो तर गोदामात जागा नव्हती. जागा कुणाच्या मालानं भरली होती, हे विचारलं तर मला वेड्यात काढतील म्हणून विचारलं नाही, इथं विचारतो. उपबाजारांच्या ठिकाणी छोट्या शेतकऱ्यासाठी गोदामाचा काही भाग डिसेंबरअखेरपर्यंत राखून ठेवा. वीस कट्टेवाल्यालाही तारण मिळालं पाहिजे.

आणि पीक कापणी प्रयोगांचे, म्हणजे नमुन्याला पीक कापून उतारा मोजतात त्याचे, आकडे महसूल मंडळनिहाय बाहेर काढा. ते प्रयोग आमच्याच रानात होतात, आमच्याच बांधावर चहा पिऊन होतात. निकाल मात्र कधी कुठं वाचायला मिळाला नाही.

तुमच्यातलं कुणी म्हणेल की साठा जाहीर केला तर भाव पडतील. काही महिन्यांत पडतीलही. माझ्याकडे ३१ कट्टे होते तेव्हा मला ते महिने आधी कळले असते तर बरं झालं असतं. आणि साठा दोन लाख टनांकडे उतरत गेला त्या वर्षी, मी सुरुवातीलाच ३,६०० नं दिलेला माल, निदान त्यातला वाळलेला तरी, थोडा थांबवून ठेवला असता.

या पत्राला उत्तर म्हणून मला फोन नको, सत्कार नको, ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी’ असा कागद तर नकोच. येत्या ५ जानेवारीला बार्शीच्या आणि वैरागच्या फळ्यावर पहिला आकडा लिहा. चुकीचा निघाला तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करा, त्यावरून कुणी आरडाओरडा करणार नाही.

सुरुवात मी करतो. कार्तिकी एकादशी होऊन गेली आहे, आज सकाळी माडीवर जाऊन पुन्हा मोजलं. सोयाबीन २७ कट्टे, त्यात दोन कट्टे फुले संगम वाणाचे, बियाण्यासाठी बाजूला काढलेले. तूर रानात उभी आहे. ज्वारी घरच्यापुरती.

आपला,
वैराग भागातील एक सोयाबीन उत्पादक
(तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर)

सोबत: घटस्थापना २०२० ते २०२५, वहीच्या सहा पानांची झेरॉक्स. २०२३ च्या पानावर डाळीचा डाग आहे, आकडा ४० असा वाचावा.